बिलात एक, सम्पमध्ये दुसरं

पुस्तिकेचं पान उघडून दाखवलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण नंतर घरच्यांपासून सोसायटीतल्या मंडळींपर्यंत प्रत्येकाने मलाच विचारलं, ‘गाडी देताना बोलला का नाहीस?’ बोललो होतो. ‘०डब्ल्यू-२०, एपीआय एसएन किंवा त्यावरचं’ या ओळीवर बोट ठेवून सर्व्हिस ॲडव्हायझरला दाखवलं होतं. त्याने मान डोलावली, टॅबवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, ‘सर, सिस्टिममध्ये तेच येतं, काळजी नको.’ संध्याकाळी गाडी मिळाली. बिलात ‘इंजिन ऑइल सिंथेटिक ०डब्ल्यू-२०, ३.५ लिटर’. डॅशबोर्डला पॉलिश, पायाखाली कोरे कागद, आरशाला लटकवलेलं ‘धन्यवाद’चं कार्ड. सगळं कसं नीटनेटकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि बॉनेटखालून टकटक ऐकू आली. काही सेकंदांत थांबली, पण हा आवाज या गाडीने आधी कधीच केला नव्हता. रस्त्यावर पिकअप जड वाटला. ऑफिसला पोचल्यावर सपाट जागी गाडी लावली, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलो आणि डिपस्टिक काढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल ‘एफ’च्या खुणेच्या बरंच वर होतं. ‘एल’ आणि ‘एफ’ यांच्यात जेवढं अंतर असतं, त्याच्या जवळजवळ निम्मं. पुस्तिकेप्रमाणे या इंजिनात फिल्टरसकट ३.१ लिटर तेल मावतं. म्हणजे बिलात लिहिलेले ३.५ लिटर त्यांनी खरोखरच ओतले होते. सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात, तेल जास्त झालं की क्रँकशाफ्ट त्यात घुसळत राहतो, फेस होतो, आणि हवा मिसळलेलं तेल बेअरिंगवर नीट दाब धरत नाही. हे कोणत्याही मेकॅनिकला माहीत असतं. असायला हवं.

तिथून सरळ सर्व्हिस सेंटर गाठलं. ॲडव्हायझरने मला एसी लाउंजमध्ये बसायला सांगितलं, कॉफी विचारली. टीव्ही चालू होता. काचेपलीकडे गाड्या लिफ्टवर चढत होत्या. ‘मला तेल कुठून भरलं ते बघायचंय,’ म्हटलं, तर म्हणाला, ‘वर्कशॉपमध्ये कस्टमरला अलाउड नाही सर, सेफ्टीचा इश्यू असतो.’ गाडी माझी, पैसे माझे, आणि माझ्या इंजिनात काय गेलं ते बघण्यात मात्र सेफ्टीचा इश्यू! मी दार ढकलून आत गेलो. कोणी अडवलं नाही, कारण अडवायला कोणी मोकळं नव्हतं. मागच्या भिंतीशी २१० लिटरचं बॅरल होतं, त्यावर हातपंप, आणि पंपाच्या नळीखाली एक तेलकट माप. बॅरलवरचं लेबल धुळीने माखलं होतं, ते हाताने पुसलं. १५डब्ल्यू-४०. एपीआय सीआय-४ प्लस.

ज्यांना हे आकडे परके आहेत त्यांच्यासाठी सांगतो. १५डब्ल्यू-४० ही तेलाची ग्रेड, म्हणजे घट्टता, आणि एपीआयपुढची अक्षरं म्हणजे दर्जा. सीआय-४ प्लस हे मुळात डिझेलचं, ट्रक, बस आणि ट्रॅक्टरना घालायचं तेल. माझी गाडी पेट्रोलची. मी तिथे उभा असतानाच एक पोरगा माप भरून दुसऱ्या एका छोट्या पेट्रोल गाडीकडे निघाला. त्याला विचारलं, ‘हे सगळ्यांनाच टाकता का रे?’ तो अगदी सरळपणे म्हणाला, ‘हो साहेब, लूजमध्ये हेच येतं.’ त्या पोराचा मला राग आला नाही. त्याला जे भरायला सांगितलं ते तो भरत होता.

राग आला तो त्यानंतरच्या तासाभराचा. ॲडव्हायझर आधी म्हणाला, बॅरल जुनं आहे, आत ०डब्ल्यू-२०च आहे. मग म्हणाला, त्या तेलाचा स्टॉक संपला होता म्हणून ‘इक्विव्हॅलंट’ टाकलं. मग मॅनेजर आले. त्यांनी बॅरलवरचा ‘एसएल’ दाखवला आणि म्हणाले, ‘बघा, हे पेट्रोललाही चालतं.’ एसएल हा पेट्रोल इंजिनांचा दर्जा खरा, पण तो २००१ मधला. त्यानंतर २००४ मध्ये एसएम, २०१० मध्ये एसएन आणि २०२० मध्ये एसपी आला. माझी पुस्तिका एसएन मागते. या क्रमात नव्या दर्जाचं तेल जुन्या गाडीला चालतं, उलटं चालत नाही. हे बोललो तर मॅनेजर म्हणाले, ‘साहेब, तुम्ही फार वाचता. आपल्याकडची गर्मी बघा, शून्यवालं पातळ तेल थंड देशांसाठी असतं. आम्ही तुमच्या इंजिनाच्या भल्यासाठीच जाड टाकलं.’ भल्यासाठी! मग बिलात ०डब्ल्यू-२०चा दर का लावला? या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर मिळालं नाही. फक्त ‘सर, सर’ एवढंच ऐकू येत राहिलं.

‘आपल्याकडे गर्मी, म्हणून जाड तेल’ हे वाक्य सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकाल, कोपऱ्यावरच्या गॅरेजात ऐकाल, लग्नाच्या पंगतीत काकांकडूनही ऐकाल. म्हणून ते एकदा नीट सोडवून घेऊ. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज हलतं ते सांगतो. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना घेतात, १५डब्ल्यूची उणे २०ला. तेवढी थंडी पुण्यात कधी पडत नाही, हे मॅनेजरांचं म्हणणं बरोबर. पण दुसरा आकडा, २० किंवा ४०, हा तेल १०० अंशांना किती घट्ट आहे ते सांगतो. इंजिन गरम झालं की शीतकाचं तापमान थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास राखतो, बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की नागपूरचा मे महिना. इंजिन बनवणाऱ्याने बेअरिंगमधली फट, तेलाचा पंप, व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी व्हीव्हीटी यंत्रणा, हे सगळं त्या दुसऱ्या आकड्याच्या हिशेबाने आखलेलं असतं. व्हीव्हीटी तर तेलाच्या दाबावरच चालते. जाड तेल घातलं की ती मंदावते, पंपाला जास्त जोर लागतो, आणि ॲव्हरेज घटतं.

आता तो ‘पातळ’ शब्द घ्या. तेल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ४० अंशांची आणि १०० अंशांची घट्टता सेंटिस्टोकमध्ये छापलेली असते. ०डब्ल्यू-२० तेल १०० अंशांना साधारण ८ ते ९ असतं आणि ४० अंशांना ४५च्या आसपास. म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यातल्या दुपारीही, इंजिन सुरू करताना तुमचं ‘पातळ’ तेल त्याच्या कामाच्या घट्टतेपेक्षा पाचपट घट्ट असतं. १५डब्ल्यू-४० तेच ४० अंशांना ११०च्या घरात असतं. सकाळी ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ लावणारच. मला ऐकू आलेली टकटक हीच होती, असं माझं ठाम मत आहे. योग्य तेल घातल्यावर ती बंद झाली.

जाड तेलाचा आग्रह आला कुठून, तेही समजतं. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुन्या जीप यांच्या इंजिनांत फटी मोठ्या होत्या, आणि ज्या उस्तादांच्या हाताखाली आजचे मेकॅनिक शिकले, त्यांनी आयुष्यभर २०डब्ल्यू-४०च ओतलं. त्या गाड्यांना ते बरोबरच होतं. आजच्या १.० किंवा १.२ लिटरच्या इंजिनाला नाही. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो की एकदा चुकीचं तेल गेलं म्हणून इंजिन लगेच बसत नाही. वर्षानुवर्षं जात राहिलं तर मात्र किंमत मोजावी लागते, आणि तोवर वॉरंटी संपलेली असते.

डिझेलवाल्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बघावं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. तेलातल्या काही रसायनांची राख त्यात साठते आणि ती जळून जात नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. पुस्तिकेत बहुतेकदा एसीईए (एपीआयसारखंच, पण युरोपचं मानक) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. नुसतं ‘५डब्ल्यू-३०’ जुळून भागत नाही, कारण त्याच ग्रेडचं जास्त राखेचं तेलही शेजारच्याच फळीवर असतं. डीपीएफ बदलण्याचा खर्च एकदा विचारून पाहा, मग डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा येणार नाही. छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांचंही असंच. कमी वेगात जोर लावला असता इंधन वेळेआधी पेटून पिस्टन फुटण्याचा धोका त्यांत असतो. कॅल्शियम जास्त असलेल्या तेलाने तो वाढतो. हा धोका आवरायला २०१८ मध्ये एसएन प्लस आणि मग एसपी हे दर्जे आले. टर्बोत एसपीपेक्षा कमी घालू नका.

कॅस्ट्रॉल बरं, शेल बरं, मोबिल बरं की आपलं सर्व्हो, यावर लोक तास घालवतात. माझ्या मते रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी हा वाद दुय्यम आहे. ग्रेड तीच, एपीआय किंवा एसीईए दर्जा तोच, आणि डबा अस्सल असेल, तर त्यांच्यातला फरक तुम्हाला स्टिअरिंगवर बसून कळणार नाही. ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांवरही फार जाऊ नका. खनिज तेलावर हायड्रोजनची जोरदार प्रक्रिया करून जे मिळतं, त्याला सिंथेटिक म्हणावं का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल भांडले, आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात-निवाडा मंडळाने ‘म्हणायला हरकत नाही’ असा कौल दिला. तेव्हापासून बाजारातलं बरंचसं सिंथेटिक हे असंच आहे. ते वाईट नाही, चांगलंच आहे. पण डब्याच्या पुढच्या बाजूचे मोठे शब्द विक्रीसाठी असतात. तुलना करायची ती मागच्या बाजूची.

काउंटरवर ‘इंजिन ट्रीटमेंट’ची बाटली गळ्यात मारतात, ती घेऊ नका. इंजिनची झीज निम्मी करतो वगैरे दावे करणाऱ्या स्लिक ५० या ॲडिटिव्हच्या कंपनीला १९९७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करावी लागली आणि पुराव्याशिवाय तसं बोलणं थांबवावं लागलं. लागणारी रसायनं चांगल्या तेलात आधीच असतात. तेल काळं झालं म्हणजे खराब झालं, हेही खरं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. तेल वेळेवर बदला. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवत असाल तर किलोमीटर न बघता वर्ष बघा, कारण इंजिन पुरेसं तापत नाही आणि ओल व पेट्रोल तेलात साठत राहतं. बिलं जपून ठेवा.

मी आता तेल स्वतः विकत आणतो, सीलबंद डबा. तो माझ्यासमोर उघडायला लावतो. जुनं तेल पूर्ण निथळेपर्यंत उभा राहतो, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा बसतोय का ते बघतो. आधी तीन लिटर ओतायला सांगतो, मग डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं. डब्यात राहिलेलं तेल माझं असतं, ते टॉप-अपसाठी घरी येतं. रिकामा डबाही तिथे ठेवत नाही. ठेवायचाच झाला तर स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडून. अस्सल कंपनीचे रिकामे डबे विकले जातात आणि त्यांत पुन्हा काय भरलं जातं, ते विचारू नका. काही सेंटरं बाहेरचं तेल घालायला नकार देतात. तेव्हा त्यांचंच, पण सीलबंद डब्यातलं मागा. ‘लूज स्वस्त पडेल’ म्हणतील. पडू दे.

माझ्या प्रकरणात त्यांनी शेवटी तेल बदलून दिलं, पण चूक लेखी कबूल केली नाही. ‘गुडविल’ म्हणून पुढच्या सर्व्हिसला सूट देऊ केली. ती मी घेतली नाही, कारण पुढची सर्व्हिस तिथे करायचीच नव्हती. त्यांच्या नोंदीत माझी तक्रार ‘ग्राहक समाधानी’ म्हणून बंद झाली, हे मला नंतर आलेल्या मेसेजवरून कळलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर तिथेच बॅरलचा, डिपस्टिकचा आणि बिलाचा फोटो काढा, त्याच दिवशी ईमेल करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते.

पण त्याआधी, गाडी ताब्यात देताना, जॉब कार्डावर ग्रेड, दर्जा आणि लिटर हे तिन्ही लिहून घ्या. ‘सिस्टिममध्ये तसा रकाना नाही,’ असं सांगतील. शेरा लिहायला जागा असतेच. तिथे लिहायला लावा, खाली ॲडव्हायझरची सही घ्या, आणि मगच चावी द्या.