फळा आणि वही
बेळगावला आमच्या महाविद्यालयात एका विद्यार्थिनीचे दिवसभर टंकलेले प्रकरण वीज जाताच नाहीसे झाले. "सर, पडद्यावर तर होते!" ती रडवेली होऊन म्हणाली. होते, पण रॅममध्ये. रॅम म्हणजे संगणकाचा फळा. चालू काम त्यावर मांडले जाते आणि वीज गेली की पुसले जाते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही वही. तिच्यातले विजेवाचूनही टिकते. म्हणून ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी साठवण यांचे माप एक असले, तरी काम एक नव्हे. 'सेव्ह' करणे म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवणे. वहीही हरवते, तेव्हा दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. साहित्याच्या वर्गातही मी आता हे आधी शिकवतो.