काळ्या पाषाणाखालील जुनी भूमी

औंढा नागनाथ येथील देवालय ज्या काळ्या पाषाणात उभारले आहे, तोच पाषाण पंचक्रोशीतील विहिरींत, ओढ्यांच्या पात्रांत व शाळांच्या पायांत आढळतो. त्यामुळे पृथ्वीचे पहिले कवच कोणते, असा प्रश्न निघाला की शिक्षकाचे बोट सहजच या दगडाकडे वळते. वस्तुतः हा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या शिलारसाचा झालेला आहे. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षांच्या आसपास असल्याने, तिच्या मानाने तो अगदी कालचा होय.

पायाखाली काय आहे, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील मुलांना केवळ पाठापुरता राहिलेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी व पुन्हा १० जुलै २०२४ रोजी या जिल्ह्यास ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पांगरा शिंदे व आसपासच्या गावांतून जमिनीतील गूढ आवाजांच्या वार्ता तर कित्येक वर्षे येत आहेत. अशा वेळी 'खाली काळा दगड आणि त्याच्या खाली उकळता रस' असे उत्तर वर्गात दिले जाते. ते चुकीचे तर आहेच, शिवाय मुलांची भीती विनाकारण वाढविणारे आहे. काळ्या पाषाणाखाली प्रथम लागते ती अतिप्राचीन व घट्ट खडकांची भूमी. तिच्याखालील प्रावरणही, अत्यंत तप्त असले तरी, बहुतांशी घनच आहे.

याचा पुरावा मराठवाड्यातच मिळाला आणि तो एका मोठ्या दुःखातून मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेऊन खडकांचे नमुने वर काढण्यात आले. पहिले ३३८ मीटर बेसॉल्टचे थर लागले. नंतर सुमारे ८ मीटर जुना गाळ. आणि त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून अधिक वयाचे, उष्णता व दाब यांनी रूपांतरित झालेले खडक. कोयनेजवळ गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेथे बेसॉल्ट सुमारे साडेबाराशे मीटर जाड निघाला व त्याखाली ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म मिळाले. भूकंपांचे उगम बहुधा काही किलोमीटर खोल असतात. म्हणजे ते काळ्या पाषाणात नसून या जुन्या भूमीत असतात.

हे जुने खडक पाहण्यासाठी छिद्रच घ्यावे लागते असे नाही. औंढ्याहून आग्नेयेस जावे तसतसा बेसॉल्टचा थर पातळ होत जातो आणि नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोली भागात ग्रॅनाइट उघडा पडतो. याहूनही पुरातन असा पट्टिताश्म गोव्याच्या सीमेवरील अनमोड घाटात असून त्याचे वय सुमारे ३४० कोटी वर्षे काढण्यात आले आहे.

एवढी वये काढतात कशी, ही शंका चौकस विद्यार्थी घेणारच. ग्रॅनाइटाच्या जातीच्या खडकांत झिर्कॉन नावाचे अतिशय कठीण खनिज असते. त्याचे स्फटिक बहुधा वाळूच्या बारीक कणाएवढे असतात. स्फटिक बनताना युरेनियम त्यात सहज शिरते, शिसे मात्र जवळजवळ मुळीच शिरत नाही. पुढे युरेनियमाचे ठराविक गतीने शिशात रूपांतर होत राहते. एका जातीचे युरेनियम निम्मे होण्यास ४४७ कोटी वर्षे लागतात, दुसऱ्या जातीचे निम्मे होण्यास सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच स्फटिकात दोन घड्याळे चालू असतात. दोन्ही एकच वेळ दाखवीत असतील तर वय विश्वसनीय मानतात. न दाखवतील तर मधल्या काळात स्फटिकातून शिसे निसटले असावे असा संशय घेतात. मूळ खडक झिजून नाहीसा झाला तरी स्फटिक टिकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे नंतरच्या काळातील वालुकामय खडकांत सापडलेला एक स्फटिक ४४० कोटी वर्षांचा आहे. ओडिशातील चंपुआ येथील खडकात सुमारे ४२४ कोटी वर्षांचे स्फटिक मिळाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत जुना अखंड खडक म्हणून कॅनडातील अकास्ता पट्टिताश्माचे नाव घेतात. तो सुमारे ४०३ कोटी वर्षांचा आहे.

पहिले कवच बहुधा बेसॉल्टासारखेच काळे व जड होते, असे मानले जाते. अर्थात ते दख्खनचे नव्हे. त्यात पाणी मुरून ते खोलवर पुन्हा तापले तेव्हा त्याचा काही अंशच वितळला. लोणी कढविताना तूप निराळे होते व बेरी तळाशी राहते, तसा हलका, फिकट रंगाचा रस वेगळा होऊन वर आला आणि जड शेष खाली राहिला. या फिकट रसापासून अनमोडसारखे खडक झाले व त्यांतूनच भूखंडांची बैठक तयार झाली. हे तापणे कवचाचे तुकडे खाली बुडाल्याने झाले की जाड कवचाच्या तळाशीच झाले, याविषयी शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. विद्यार्थ्यांस तसेच सांगावे.

कोट्यवधी वर्षांचे आकडे फळ्यावर लिहून फारसे साधत नाही. त्यापेक्षा भिंतीवरील दिनदर्शिका घ्यावी व पृथ्वीचे सारे आयुष्य एक वर्ष मानावे. मग जॅक हिल्सचा स्फटिक १२ जानेवारीस येतो, अनमोडचा खडक एप्रिलच्या आरंभी, किल्लारीखालील खडक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळा उघडण्याच्या सुमारास. आणि औंढ्याचा काळा पाषाण थेट २६ डिसेंबरला. ही नोंद मुलांनी स्वतः हिशेब करून करावी. पाचवीच्या पुढील वर्गांस त्रैराशिकाने ती सहज जमते.

देगलूरकडे कोणी जाणार असेल तर शाळेच्या संग्रहासाठी ग्रॅनाइटाचा हातात मावेल एवढा तुकडा मागवावा व बेसॉल्टाशेजारी ठेवावा. बेसॉल्टाचे कण डोळ्यांस दिसत नाहीत; ग्रॅनाइटात काचेसारखे, गुलाबी वा पांढरे आणि काळे कण वेगवेगळे दिसतात. औंढ्याच्या शेतांत सापडणारी गारगोटी मात्र ग्रॅनाइटाचा अवशेष समजून संग्रहात घालू नये. ती काळ्या पाषाणातील पोकळ्यांत मागाहून साचलेली असते. तुकड्याच्या चिठ्ठीवर गाव, शिवार व दिनांक लिहावा. वयाची जागा प्रयोगशाळेतील मापनाशिवाय कोरीच ठेवावी.