तीस शेक आणि मधली दिवाळी

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या एका शेतकऱ्याला गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. तंबाखूची पुडी बंडीच्या खिशात कायमची, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वर तीस शेक, म्हणजे रेडिएशनच्या तीस बैठका, सांगितल्या: आठवड्यातून पाच, शनिवार-रविवार सुट्टी. गावात मात्र चर्चा एकाच गोष्टीची. मशीन कोणती? कोबाल्ट जुनी झाली म्हणे, पुण्या-मुंबईला जा.

मशीनमध्ये फरक आहे, हे खरं. कोबाल्टमध्ये किरणोत्सारी धातू असतो. त्याची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून जुन्या मशीनखाली जास्त मिनिटं पडून राहावं लागतं; डोस तेवढाच. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेली 'भाभाट्रॉन' याच जातीची. लिनिअर अॅक्सिलरेटर विजेवर किरण तयार करतो. त्यावर गाठीच्या आकाराप्रमाणे बेतलेला शेक देता येतो, आणि आयएमआरटीत किरणांची तीव्रताही जागोजागी कमी-जास्त करून लाळेच्या ग्रंथी बऱ्याचशा वाचवता येतात. आयजीआरटीत शेकाआधी फोटो काढून जागा तपासतात. लहान गाठीला मोजक्या बैठकांत जबर डोस देणारी स्टिरिओटॅक्टिक पद्धत वेगळी, आणि प्रोटॉन किरणांचा शेक तर सरसकट सगळ्यांसाठी नाहीच.

नव्या पद्धतीचा फायदा किती, हे बघायला टाटा मेमोरियल रुग्णालयाने गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या 300 महिलांवर चाचणी करून 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. तीन वर्षांत आतड्याचा त्रास जुन्या पद्धतीत सुमारे 42 टक्के जणींना झाला, फोटो घेऊन दिलेल्या आयएमआरटीत 21 टक्के. कॅन्सर आटोक्यात राहण्याचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच. नवी पद्धत त्रास वाचवते, आणि तो वाचवण्यासारखा असतोच. पण तिच्यासाठी महिना-महिना थांबणं परवडत नाही. तोंडाच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत शेक सुरू व्हावा लागतो.

या शेतकऱ्याचा शेक वेळेत सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोललं. भाकरी सोडाच, वरणाचं पाणीही आग आग करू लागलं. त्यात दिवाळी आली. 'तोंड भरून आलं की उरलेले घेऊ,' म्हणत गडी गावी आला आणि आठवडाभर राहिला.

कॅन्सरच्या पेशी दिवाळी पाळत नाहीत. डोस तुकड्यांत देतात तो चांगल्या पेशींना रात्रीतून सावरता यावं म्हणून. खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशीही झपाट्याने वाढतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये वाया गेलेला एकेक दिवस रोग आटोक्यात येण्याची शक्यता एखाद्या टक्क्याने कमी करतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

परतल्यावर दुसरंच निघालं. शेकाच्या वेळी चेहरा हलू नये म्हणून प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून तोंडावर बसवतात. गार झाली की ती कडक होते आणि टेबलाला अडकवतात. उपाशी राहून याचे गाल इतके आत गेले होते की मास्क ढिला पडला. नवा मास्क, नवा सीटी स्कॅन, नवं नियोजन. आणखी दिवस गेले.

आज तो भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "मशीनचं इचारत बसलो, राहायचं कुठं अन् खायचं काय ते इचारलंच नाही."

तेच आधी विचारावं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल कळंब-येरमाळ्यावरून गाठता येतं, पण तोंड सोललेल्या माणसाने रोज एसटीने ये-जा करू नये; सहा आठवड्यांची खोली किंवा धर्मशाळा बघावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेक बसतो का, हे कागदपत्रांसह पहिल्याच दिवशी बघावं. गिळता येईना तर नाकातून नळी घालून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. कातडीवरच्या खुणा पुसू नयेत, हळद-बाम लावू नये. नातवाला मात्र खुशाल मांडीवर घ्यावं. बाहेरून दिलेल्या शेकाने माणूस किरणोत्सारी होत नाही.

आणि दात. किडके दात शेकाआधी काढून जखम भरू द्यायची असते, कारण शेक लागलेलं जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. नंतर कधीही दाढ दुखली, तरी ती उपटण्याआधी शेक दिलेल्या डॉक्टरांना विचारायचं, मग पाच वर्षं उलटलेली असोत की दहा.