पाइप ऑर्गन : हवेचा सूर



ऑर्गन म्हटले की मराठी माणसाला संगीत नाटक आठवते. पायाने भाता मारून वाजवायच्या त्या ऑर्गनमध्ये आपल्या पेटीप्रमाणेच धातूची पातळ जीभ कंप पावते. कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधील ऑर्गन निराळा आहे. त्यातील बहुतेक नळ्यांत बासरीप्रमाणे हवाच कंप पावते.

या कॅथेड्रलचा आराखडा विल्यम नेर्न फोर्ब्स या लष्करी अभियंत्याने केला. 1839 मध्ये पायाभरणी झाली आणि 1847 मध्ये वास्तू पूर्ण झाली. तेथील पाइप ऑर्गन लंडनच्या हेन्री विलिस अँड सन्स या नामांकित कारखान्याचा आहे.

पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी असते. वादकाने पट्टी दाबली की झडप उघडते आणि साठवलेली हवा नळीत शिरते. एक पट्टी दाबा किंवा दहा, हवेचा दाब सारखाच राहिला पाहिजे. तो ढळला की सूर ढळतो. नळी जितकी लांब, तितका स्वर खालचा. सुमारे 8 फुटांची उघडी नळी सेकंदाला साधारण 65 कंपने देते. नळीचे एक टोक बंद केले, तर तेवढ्याच लांबीत स्वर एक सप्तक खाली जातो.

1897 आणि 1934 च्या भूकंपांत कॅथेड्रलच्या शिखराची हानी झाली. पण भूकंप क्वचित होतो. ऑर्गनला रोज झुंजावे लागते ते हवामानाशी. तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो, आणि नळ्यांचा स्वर चढतो. जिभेच्या नळ्या मात्र फारशा चढत नाहीत, म्हणून दोन्हींचा मेळ बिघडतो. दमट हवेत लाकूड फुगते, झडपा अडकतात, चामडे खराब होते. त्यामुळे असे वाद्य एकदा उभारून भागत नाही. ते नियमित वाजवावे, तपासावे आणि जुळवावे लागते. शस्त्र असो वा वाद्य, निगा थांबली की ते ऐन वेळी दगा देते.

करून पाहा : 34 सेंटिमीटर लांबीची, दोन्ही टोके उघडी असलेली नळी घ्या. तिच्या काठावर फुंकर मारा. मग दुसरे टोक तळहाताने बंद करून पुन्हा फुंका. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरून दोन्ही वेळची कंपनसंख्या काढा. उत्तरे सुमारे 504 आणि 252 आली, तर ऑर्गनचे मर्म तुम्हाला उमगले.