पोळ्या लाटताना मन ठिकाणावर कसं ठेवू?

प्रश्न : पहाटे उठून डबे करते, मग लोकल गाठते. हात पोळपाटावर आणि डोक्यात ऑफिस, मुलाची फी, सासूबाईंच्या गोळ्या. संध्याकाळपर्यंत मान आखडते. जो तो म्हणतो ध्यान कर, पण शांत बसायला वेळच नाही. कामं करता करता सजगता साधते का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : साधते, आणि तुमच्यासाठी तीच वाट योग्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

साहेब चिडतील या नुसत्या विचारानं छाती धडधडते, खांदे वर चढतात, दातावर दात बसतात. अजून न घडलेलं शरीर आत्ताच भोगत असतं. दिवसभर हेच चाललं, तर मान आखडणारच. हे तुमचं एकटीचंही नाही. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी सव्वादोन हजार लोकांना फोनवरून अधूनमधून विचारलं, की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आला : जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि तेव्हा माणसं कमी आनंदी होती.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. त्यात सुरुवातीलाच हातावर एक बेदाणा देतात. तो निरखायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा. तुमच्या हाताशी कणीक आहे, ती पुरे.

सगळ्या पोळ्यांचा विचार नको, पहिली एकच धरा. गोळ्याचा मऊपणा, बोटांना लागणारी कोरडी पिठी, लाटण्याखाली गरगर फिरणारी पोळी, तव्यावर पडताच सुटणारा वास, फुगा फुटून येणारी वाफ. दोनदा लाटणं फिरेस्तोवर मन ऑफिसात पोचलेलं असेल. लक्षात आलं, की परत हातांकडे या. स्वतःवर चिडू नका; हे परत येणं हाच सराव आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरातही पहिले तीन दिवस श्वासाशी असं पुन्हा पुन्हा परतणंच चालतं.

गाडीत उभ्या असाल तेव्हा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जरा जास्त वेळ द्या. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. तेवढ्यात खांदेही सैल सोडा.

एक मात्र स्पष्ट सांगते. सजगतेनं कामाचा ढीग कमी होत नाही. डबे, फी, गोळ्या सगळं तुमच्याच अंगावर असेल, तर त्याचा ताण खरा आहे आणि त्यावर उपाय म्हणजे घरात कामं वाटून घेणं. ध्यानाच्या नावाखाली निमूट सोसत राहू नका. आणि झोप उडाली, सारखं रडू यायला लागलं, तर डॉक्टरांना भेटा. छातीत दुखलं तर त्याच क्षणी जा, श्वास मोजत थांबू नका.