रात्री आठ वाजता काय?

टी.ई.च्या सेमिनारला 'अपारंपरिक ऊर्जास्रोत' हा विषय म्हणजे आपल्या सगळ्यांचा हक्काचा आसरा. सीनियरच्या पेनड्राइव्हमध्ये स्लाइड्स तयार असतात, फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. मीही तेच केलं. एका रकान्यात कोळसा, त्याच्यापुढे सगळ्या लाल फुल्या. दुसऱ्या रकान्यात सूर्य, वारा, पाणी, त्यांच्यापुढे सगळ्या हिरव्या खुणा. शेवटी 'थँक यू'ची स्लाइड, त्यावर सूर्यफुलाचं चित्र!

गाइड सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ठीक आहे. आता सांगा, रात्री आठ वाजता काय?"

मी म्हटलं, "सर, बॅटरी."

"किती मोठी?"

मी गप्प. मागच्या बाकावर हशा. असो. सेमिनारमध्ये पास झालो, पण खरी परीक्षा दिवाळीत घरी झाली.

आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस असा की ढग दिसले तरी लोक छत्री घेत नाहीत. घरी सात एकर जमीन. त्यातली तीन विहिरीखाली, चार मुरमाड माळ. उपकेंद्र जवळ असल्यामुळे एका कंपनीचा माणूस तो माळ सौर प्रकल्पासाठी भाड्याने मागायला आला होता. अण्णांनी (म्हणजे वडिलांनी) कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग सांग, द्यायची का नाही?" लाल फुल्या आणि हिरव्या खुणा इथे काही उपयोगाच्या नव्हत्या. म्हणून पहिल्यांदाच नीट वही घेऊन बसलो.

आपण पहिली चूक करतो ती मेगावॉटमध्ये. मेगावॉट ही क्षमता झाली. घरी मीटरवर येतात ती युनिटं. वर्षात ८७६० तास असतात. कोळशाचा १ मेगावॉट सरासरी ७० टक्के भाराने चालला तर वर्षाला साधारण ६१ लाख युनिटं देतो. आपल्याकडचा सौर १ मेगावॉट १९ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे १६-१७ लाख. आता चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला ५०० मेगावॉटचा एकच संच घ्या. तेवढीच युनिटं सूर्याकडून हवी असतील तर १८०० मेगावॉटच्या वर पॅनेल लावावी लागतील. मेगावॉटला चार ते पाच एकर धरा, जमीन सात ते नऊ हजार एकर होते. आणि एवढं करून सरांचा प्रश्न आहे तिथेच आहे, कारण रात्री आठ वाजता या सगळ्या पसाऱ्यातून शून्य युनिट!

पण मग कोळसा बरा, असं म्हणून वही मिटली तर तीही लबाडीच. युनिटमागे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर तोच एक संच वर्षाला सुमारे २१ लाख टन कोळसा खातो. आपल्या कोळशात एक तृतीयांश तरी राख असते, म्हणजे सात लाख टन राख. ती कुठेतरी टाकावीच लागते. शिवाय ३० लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, आणि खाणीखाली गेलेली जमीन वेगळीच. सौरची जमीन डोळ्यांना दिसते, कोळशाची दिसत नाही, एवढाच काय तो फरक. माझ्या स्लाइडवर दोन्ही नव्हत्या.

मग वाटलं, पाण्याची वीज सगळ्यात सोयीची. बटण दाबलं की काही मिनिटांत टर्बाइन सुरू, म्हणजे रात्री आठचं उत्तर मिळालं. कोयना प्रकल्प १९६० मेगावॉटचा आहे. संध्याकाळी मागणी चढली की महाराष्ट्र अजूनही त्याच्याकडे बघतो. हे मी होस्टेलवर मोठ्या उत्साहाने सांगत होतो आणि माझा रूम-पार्टनर ऐकत होता. तो पाटण तालुक्यातला. म्हणाला, "आमचं जुनं गाव शिवसागरच्या तळाशी आहे. आजोबा गेले, तरी पुनर्वसनाची फाइल चालूच आहे." पुढे काय बोलणार?

त्यात माझ्या गावाचंही एक दुखणं निघालं. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत, म्हणजे कोकणात उतरतं आणि समुद्राला जातं. कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ती घालावी लागली, कारण तेच पाणी पूर्वेकडे आले तर शेतीला मिळते. आमचा माण तालुका त्याच कृष्णा खोऱ्यातला! म्हणजे सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला विजेसाठी पाणी खाली सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट बघायची. वीज स्वच्छ आहे, खोटं नाही. पण फुकट नाही.

वाऱ्याचं त्याहून गमतीशीर आहे. कोयनेच्याच डोक्यावर वनकुसवडे पठार, पवनचक्क्यांची रांगच रांग. वारा जोरात असतो जून ते ऑगस्ट. आमचे पंप कधी चालतात? डिसेंबरपासून, विहिरीचं पाणी संपेपर्यंत. म्हणजे पंपाच्या दृष्टीने वारा अवेळी. पण उलट बाजूनेही पाहा. पावसाळ्यात ढगांमुळे सौर पडतं, तेव्हाच वारा चढतो. दोघांची जोडी लावली तर वर्षभर थोडा तोल येतो. एकट्याला गुण देण्यात अर्थ नाही, हे मला इथे कळलं.

अणुवीज रात्रंदिवस एकसारखी मिळते. तारापूरला १९६९ पासून आपल्याला तिची ओळख आहे. पण कचरा हजारो वर्षं सांभाळायचा, आणि २०११ च्या फुकुशिमानंतर समुद्रकाठच्या लोकांना नुसतं 'काही होत नाही' सांगून भागत नाही. जैतापूरचे सहा संच अजून कागदावरच आहेत. साखर कारखान्यांची चिपाडावरची वीज चांगली, पण गळीत हंगाम संपला की तीही मुख्यतः बंद.

आता सरांची बॅटरी. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वर एक धरण, खाली एक धरण. वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणीच्या वेळी तेच खाली सोडायचं. चार युनिटं घालून साधारण तीन परत मिळतात. एक युनिट गेलं ते रात्री आठचं भाडं समजा. रासायनिक बॅटरीत घट कमी होते, पण काही वर्षांनी ती बदलायचा खर्च येतो. साठवण कुठलीही घ्या, भाडं चुकत नाही.

इथपर्यंत आल्यावर मला जाणवलं की अण्णांचा प्रश्न सरांच्या प्रश्नापेक्षा सोपा आहे! शेतीपंपाला रात्री आठला वीज लागतच नाही. ती मिळते रात्री, म्हणून लोक रात्री पाणी धरतात. आमच्याकडे थ्री-फेज आठवड्याच्या पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी, काठी आणि गमबूट. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरचा एक माणूस पाणी धरतानाच साप चावून गेला. गावाच्या उपकेंद्रालाच जोडलेला सौर प्रकल्प असेल, तर ऊन असतं तेव्हाच पंप चालतील. साठवण जवळजवळ नको, लांबची वाहिनी नको. २०२३ ला सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० याच हिशेबावर उभी आहे. भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दर वर्षी तीन टक्के वाढ. चार एकरांचे दोन लाख. त्या माळावरच्या बाजरीने आम्हाला कधी वीस हजारसुद्धा दाखवले नाहीत.

मी हे सगळं ओट्यावर बसून ऐटीत वाचून दाखवलं. तात्या, म्हणजे चुलते, तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "हिशेब झ्याक हाय. त्या माळावर शेरडं कुणाची चरत्यात?"

आमची नाहीत. खालच्या आळीतल्या चार घरांची. भाडं आम्हाला मिळणार, कुंपण त्यांना. बाजरीच्या खुरपणीला त्याच घरांतल्या बायका येतात.

"आन् काचा धुवायला पाणी?"

तेही मी धरलं नव्हतं. धुळीने उत्पादन घटतं म्हणून पॅनेल धुवावीच लागतात. चार एकरांवर अडीच हजारांच्या आसपास पॅनेल, प्रत्येकाला दोन लिटर, म्हणजे एका धुण्याला पाच हजार लिटर. उन्हाळ्यात गावाला प्यायला टँकर येतो तेव्हा हे पाणी कोणाच्या विहिरीतून?

शेवटी कागदाच्या मागे अण्णांनी माझ्याकडून तीन अटी लिहून घेतल्या. धुण्याचं पाणी कंपनीने बाहेरून आणायचं, नाहीतर कोरड्या ब्रशने पुसायचं. पॅनेलखालचं गवत कापायचं काम त्याच चार घरांना द्यायचं आणि गवतही त्यांनीच न्यायचं. ओढ्याकडची पायवाट कुंपणाबाहेर ठेवायची. कंपनीच्या माणसाने पायवाट आणि गवत मान्य केलं. पाण्याचं 'वर विचारून सांगतो' म्हणाला.

त्याचा फोन अजून आलेला नाही, म्हणून सहीही झालेली नाही. या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची पाळी आहे. मी हे लिहितोय तेव्हा अण्णा विहिरीवर असतील.