एकवीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे

मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझा पन्नास मार्कांपुरता विषय होता, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवताना रोज कोणीतरी गाडीचा विषय काढतोच. टर्बो, टॉर्क, सनरूफ सगळं बोलून होतं, पण ‘गाडी पोसायला किती लागतात?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो मी विचारला, उत्तरही काढलं आणि उत्तर बरोबर असूनही घरात गोंधळ घातला. तो हिशेब आणि तो गोंधळ, दोन्ही इथे मांडते.

गाडी कोणती?

आम्ही डोंबिवलीचे. २०१७ च्या दसऱ्याला बाबांनी चार मीटरच्या आतली एक डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. नंबर अर्थातच एमएच-०५. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, नाहीतर हॉस्टेलमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतील आणि हिशेब राहील बाजूला.

‘चार मीटरच्या आतली’ हे का, तर २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के केलं गेलं. अट अशी की लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. झालं! कंपन्यांनी गाड्यांच्या शेपट्या कापायला सुरुवात केली. उंच बांध्याच्या गाड्याही या मापात बसवल्या गेल्या. अगदी सुरुवातीची म्हणजे २००९ ची प्रीमियर रिओ. तीच प्रीमियर, जिचा कारखाना एकेकाळी आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात होता आणि जिथे नव्वदीच्या दशकात प्यूजो ३०९ तयार व्हायची. पुढे २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावची नेक्सॉन, २०१९ मध्ये नाशिकची एक्सयूव्ही ३००. जीएसटी आला तरी अट राहिलीच. आमच्या गाडीच्या वेळी छोट्या डिझेलवर सेससकट ३१ टक्के कर होता आणि मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून हेच आकडे १८ आणि ४० झाले. म्हणजे आपण ज्याला ‘स्टाइल’ म्हणतो त्यातली बरीचशी करप्रणाली आहे!

हिशेबाची वही

बाबांना एक चांगली सवय आहे. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही असते. डिझेल भरलं की तारीख, लिटर, रुपये आणि मीटरचं रीडिंग लिहायचं. त्यामुळे माझ्याकडे आठ वर्षांचा डेटा आयता होता. या दसऱ्याच्या सुट्टीत मी तो एक्सेलमध्ये भरला.

आधी मायलेज. कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक चक्रात गाडी चालवून काढलेला असतो. तिथे शिळफाटा नसतो. आपल्याला खरा आकडा हवा असेल तर सोपी पद्धत आहे. नॉझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, गाडी नेहमीसारखी वापरा आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. एका वेळचा आकडा फसवतो, म्हणून चार-पाच वेळांची सरासरी घ्यावी.

वहीचे दोन भाग पडले.

मार्च २०२० पर्यंत बाबा रोज डोंबिवली ते ठाणे, वागळे इस्टेटला जायचे. एकीकडून साधारण २४ किलोमीटर. या काळात गाडी ३६,४०० किलोमीटर चालली, सरासरी १७.५ चा पडला. डिझेल २,०८० लिटर, सरासरी भाव ६९ रुपये, खर्च सुमारे १,४३,५०० रुपये.

नंतर लॉकडाऊन आला, बाबांचं काम बरंचसं घरून सुरू झालं आणि गाडी उरली भाजी, बँक, लग्नकार्य आणि आजीच्या दवाखान्यापुरती. साडेपाच वर्षांत ३०,६०० किलोमीटर. सरासरी घसरला १३.६ वर. त्यात पूलही आमच्यावर रुसले होते. कल्याणचा पत्री पूल २०१८ मध्ये पाडला तो नवा व्हायला २०२१ उजाडलं, आणि डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ ते २०२१ बंद. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर सगळी डोंबिवली ठाकुर्लीच्या पुलावर! डिझेलही या काळात भडकलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत ते शंभरीपार गेलं. सरासरी ९० रुपये धरले तर २,२५० लिटरचे २,०२,५०० रुपये.

बघा, गाडी कमी चालली आणि डिझेलला पैसे जास्त गेले.

एकूण जमाखर्च

गाडी ऑन-रोड १०,२०,००० ला पडली. आज डीलर ४,१०,००० म्हणतो. नव्या गाड्यांवरचा कर उतरला म्हणून जुन्यांचा भावही उतरला, असं त्याचं म्हणणं. आठ वर्षांचा (९६ महिने, ६७,००० किलोमीटर) खर्च असा :

किमतीतली घट : ६,१०,०००
कर्जाचं व्याज (सहा लाख, ९ टक्के, पाच वर्षं) : १,४७,०००
डिझेल : ३,४६,०००
विमा (पहिलं वर्ष सोडून) : १,१२,०००
सर्व्हिसिंग : ७८,०००
टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन वगैरे : ८२,०००
सोसायटीचं पार्किंग, गाडी धुणं, टोल, पीयूसी, नवी नंबरप्लेट : ९१,०००
एकूण : १४,६६,०००

भागिले ६७,०००. उत्तर, किलोमीटरला २१ रुपये ८८ पैसे.

बाबा आठ वर्षं सगळ्यांना सांगत होते की ‘डिझेल आहे, पाच रुपयांत पळते’. डिझेलचे पाच रुपये सोळा पैसे हे बरोबरच होतं, पण ते एकूण खर्चाच्या पाव भागापेक्षाही कमी! उरलेला खर्च गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाही चालूच असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

डिझेलचं दुखणं

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. डिझेल इंजिनला लांब पल्ला मानवतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, आणि एक्झॉस्टचा काही भाग परत आत घेणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचते. आमचा २०२३ मध्ये चोंदला. पिकअप गेला, धूर वाढला, साफ करायला साडेपाच हजार. बीएस-६ च्या डिझेल गाड्यांत (१ एप्रिल २०२० पासून) काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टरही असतो. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी जरा वेगाने सलग चालावी लागते. तुमचा वापर स्टेशन ते घर एवढाच असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका.

क्लच गेला तो ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर रांगून. १९ हजार. त्याला गाडी जबाबदार नाही, आपला डावा पाय जबाबदार.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला मी जेमतेम दोन महिन्यांची होते, पण आमच्या घरात ती तारीख अजून पाठ आहे. गाडी उंच आहे म्हणून ती होडी होत नाही. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. आमच्याकडे राहणाऱ्याने तरी ते घ्यावंच.

इथे माझं चुकलं

आकडा काढून झाल्यावर मी तो रात्री जेवताना मोठ्या ऐटीत जाहीर केला. ‘बाबा, तुमची गाडी किलोमीटरला एकवीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे खाते!’ बाबा गप्प झाले. माझ्या शेवटच्या वर्षाची फी भरायची आहे, त्यामुळे गाडी विकायचा विषय घरात आधीच चालू होता. आजीने फक्त विचारलं, ‘ठाणं जाऊन येऊन किती गं?’ मी म्हटलं, ‘अठ्ठेचाळीस किलोमीटर.’ आजी जुनी सातवी पास, हिशेबाला पक्की. ती काही बोलली नाही.

आजीच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. ठाण्याच्या एका दवाखान्यात तिला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. पुढच्या तारखेला ती म्हणाली, ‘आज बरं वाटत नाही, पुढच्या आठवड्यात बघू.’ पुढच्या आठवड्यात पाय दुखत होते. मी तोवर हॉस्टेलवर परत आले होते. तीन आठवडे गेले. आईने फोनवर सांगितलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. अठ्ठेचाळीस गुणिले एकवीस अठ्ठ्याऐंशी, म्हणजे १,०५० रुपये. आजीने तो गुणाकार मनात केला होता आणि स्वतःच्या डोळ्याची किंमत आमच्या माथी नको म्हणून ती घरी बसली होती.

मी शनिवारी घरी गेले. ‘आजी, माझं गणित चुकलं,’ असं सांगितलं. खरं तर भागाकार बरोबर होता, तो वापरला चुकीच्या जागी. २१ रुपये ८८ पैसे ही सरासरी आहे. तिच्यात आठ वर्षांपूर्वी दिलेली किंमत आहे, फिटलेलं व्याज आहे, विमा आहे, पार्किंग आहे. आजी ठाण्याला गेली नाही म्हणून यातला एक रुपयाही परत येत नाही. एका जादा फेरीचा खर्च म्हणजे फक्त त्या फेरीमुळे वाढणारा खर्च. आजच्या सरासरीने डिझेल ६ रुपये ६२ पैसे, आणि टायर, ब्रेक, क्लचची झीज साधारण एक रुपया पाच पैसे. एकूण पावणेआठच्या आत. अठ्ठेचाळीस किलोमीटरचे ३७० रुपये. टॅक्सीने जाऊन-येऊन आम्हाला १,४०० पडतात.

हे सगळं मी वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आजीने चष्मा लावला, कागद डाव्या डोळ्याजवळ धरला, दोनदा गुणाकार तपासला आणि म्हणाली, ‘मग आधी नीट नाही का सांगायचं?’ सोमवारी बाबा तिला घेऊन गेले. डॉक्टर रागावले, सूज वाढली होती. पुन्हा तारीख चुकवू नका म्हणाले. आता इंजेक्शनं सुरू आहेत. नजर पूर्वीइतकी होते का, हे कळायला वेळ लागेल.

मग गाडी ठेवायची की विकायची?

इथे तिसरं गणित लागतं. गेलेले सहा लाख दहा हजार विसरायचे, कारण गाडी ठेवली काय नि विकली काय, ते गेलेच. फक्त पुढचं बघायचं. वर्षाला ५,५०० किलोमीटर धरले तर फेऱ्यांचा खर्च ४२,०००. विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग वगैरे ३६,०००. किमतीतली घट अंदाजे ४०,०००. आणि माझ्या कॉमर्सच्या मैत्रिणीने लक्षात आणून दिलं तसं, चार लाख दहा हजार बँकेत ठेवले असते तर साडेसहा टक्क्यांनी मिळणारे सुमारे २६,५००. एकूण १,४४,५००. गाडी नसेल तर रिक्षा-टॅक्सीचे आमचे वर्षाचे ७५,००० होतील. फरक ६९,५००, म्हणजे महिन्याला पाच हजार आठशेच्या आसपास.

आकडे विकायच्या बाजूने आहेत, हे मी बाबांना स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, ‘अगं, ती टॅक्सीला चौदाशे देऊन जाईल का, ते सांग.’ याचं उत्तर एक्सेलमध्ये नव्हतं. आजीची इंजेक्शनं चालू आहेत तोवर गाडी ठेवायची आणि फीसाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज करायचा, असं तूर्त ठरलंय. ते कर्ज मीच फेडणार आहे. तेव्हा ते महिन्याचे पाच हजार आठशे एका अर्थी माझ्या खात्यातून जाणार, आणि मला ते मान्य आहे.

तेव्हा मित्रहो, गाडी घेण्याआधी मायलेजच्या पलीकडचं बघा. घेतल्यावर वही ठेवा. सरासरी खर्च, जादा फेरीचा खर्च आणि पुढचा खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत, त्यांची गल्लत करू नका. आणि आकडा जेवणाच्या ताटावर जाहीर करण्याआधी तो कोण कोण ऐकतंय हे एकदा पाहून घ्या.